ढोलकऱ्याचा गाल

आता जे सांगणार आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवू नये असंच माझंही मत आहे. पण पुरावा समोरच्या फळीवर उभा आहे, त्याला मी काय करू? अंगठ्याएवढा, शिशाचा, ढोल वाजवणारा म्हातारा सैनिक. त्याचा डावा गाल भिंगातून बघा. थंडी, वय आणि जराशी दारू, तिन्ही त्या गालावर वेगवेगळी दिसतात. हा गाल आमच्या सिरिल शॅकलॉकनं चहानं रंगवलाय.

"चहानं?" शाळेतले नवे मास्तर म्हणाले. ते त्या संध्याकाळी क्लबात पहिल्यांदाच आले होते.

"दूध घातलेल्या," मी म्हणालो. सिरिल कोपऱ्यात आपल्या गरम पाण्याच्या मगात बघत बसला होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

इंग्लंडातल्या बीस्टन गावी, होरेसच्या पबात, मागच्या खोलीत आमचा क्लब भरतो. चिमुकले सैनिक रंगवणं हे आमचं काम, आणि शेजारच्या डर्बी शहरातल्या क्लबाला नावं ठेवणं हा विरंगुळा. सिरिल जन्मभर घरं रंगवत आला. अख्ख्या गावाची दारं त्यानं रंगवली, आणि त्याचा एकच अभिमान: रंगाचा एक हात दिला की काम संपलं, दुसरा हात लागतो तो रंगारी कसला. होरेसच्या पबाचं पुढचं दारही त्याचंच. दमट हवेत त्या दाराचे हिरवे पापुद्रे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोटाला चिकटतात. होरेस त्याबद्दल कधी काही बोलत नाही. फक्त ग्लास पुसताना दाराकडे बघतो.

निवृत्त झाल्यावर सिरिल आमच्यात आला आणि सैनिकही दारासारखेच रंगवू लागला. एक हात, ठासून. त्याच्या पलटणीत सेनापती कोण आणि घोडा कोण हे ओळखायला त्यालाच विचारावं लागे. तरी आमचं काही अडत नव्हतं. अडलं ते टोपीमुळे.

दर वसंतात डर्बीशी आमचा सामना होतो. दोन्ही क्लबांनी एकेक पुतळा मांडायचा, जिंकेल त्याला पितळी शिरस्त्राण. पुतळा कुणी रंगवायचा हे टोपीतल्या चिठ्ठीवर ठरतं, आणि चिठ्ठी बदलायची नाही हा जुना रिवाज. शिरस्त्राण कित्येक वर्षं डर्बीत होतं. ते त्यात सफरचंदाची सालं टाकतात अशी बातमी होती. त्या वर्षी आम्ही चिठ्ठी काढली आणि सगळ्यांची तोंडं पडली. मग सिरिल म्हणाला, "नाव माझंच आहे ना? मग अशी तोंडं कशाला करताय?"

त्याला शिकवायचं काम डोरीन व्हीटलीवर आलं. बाईच्या हातात सोनं, जिभेवर सुरी. सिरिलनं आदल्या रात्री एका हातात उरकलेला ढोलकरी तिच्यापुढे ठेवला. तिनं तो फिरवून फिरवून पाहिला.

"चेहरा कुठाय याचा?"

"आत आहे," सिरिल म्हणाला.

डोरीननं रंग धुऊन काढायला लावला आणि ग्लेझ, म्हणजे आरपार दिसणारा पातळ हात, शिकवायला घेतलं. रंगाचा एक थेंब, त्याला भरपूर पाणी. ब्रश बुडवायचा, मग फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा. जिथे सावली हवी तिकडे ओढत न्यायचा, कारण ब्रश उचलतो तिथे रंग गोळा होतो. पूर्ण वाळू द्यायचं. मग पुन्हा. पुन्हा वाळू द्यायचं. तिनं वर्तमानपत्रावर एक पट्टा ओढला. "खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. इतका पातळ."

सिरिलला हे पटेना. "अगं, लोकांनी मला आयुष्यभर मजुरी दिली ती खालचं दिसू नये म्हणून. आणि तू म्हणतेस, खालचं दिसलंच पाहिजे."

"दाराला गाल नसतात, सिरिल."

"मग असे हात द्यायचे तरी किती?"

"पुरे होईपर्यंत."

"हे रंगाऱ्याचं उत्तर नाही," सिरिल म्हणाला. "हे डॉक्टरचं उत्तर झालं."

इथवरची गोष्ट कुणीही मान्य करील. पुढे लक्ष द्या.

सिरिल घरी बसून हात देऊ लागला, पण ब्रश टिपायचं विसरायचा. पाणी ढोलकऱ्याच्या डोळ्यांत साचलं, वाळल्यावर त्याची कड उमटली, आणि म्हातारा रडवेला दिसू लागला. ते पुसलं तर वाळायला वेळ लागे, म्हणून सिरिलनं बायकोचं, आयव्हीचं, केस वाळवायचं यंत्र आणलं. ते सुरू करताच ढोलकरी उडाला तो थेट चुलीवरच्या वाटाण्यांच्या पातेल्यात. पळीनं काढला तेव्हा तो हिरवा झाला होता. पुन्हा धुतला. असं करता करता सामन्याची सकाळ उजाडली आणि गाल अजून कोराच.

आता रंगवणाऱ्याच्या टेबलावर दोन मग असतात, एक ब्रशच्या पाण्याचा, एक चहाचा. यापुढचं सांगायला नकोच. सिरिलनं घाईत ब्रश चहात बुडवला आणि गालावर ओढला. मग धीर यावा म्हणून दुसऱ्या मगातलं ब्रशचं निळं पाणी चहा समजून घटाघटा प्यायला. त्यानं खाली पाहिलं तर ढोलकरी त्याच्याकडे बघत होता. चहा सुरकुत्यांत उतरला होता, दुधाची साय गालाच्या उंचवट्यावर थांबली होती, आणि म्हातारा आता शिंकेल की काय असं वाटत होतं.

"मग?" मास्तर पुढे सरकले होते.

"मग काय. परीक्षकानं भिंग लावलं आणि ते काढेचना. शेवटी मान वर करून त्यानं विचारलं, 'हे कशानं साधलंत?' आता सिरिलचे दात निळे. तोंड उघडायची सोय नाही. त्यानं नुसतं ओठ मिटून हसून दाखवलं. परीक्षकाला वाटलं, केवढी ही नम्रता. शिरस्त्राण तिथंच आमच्या हातात आलं. आत सालं होती, ती आम्ही त्यांना परत दिली. आणि डर्बीवाल्यांना कुठून तरी सुगावा लागला. पुढच्या वसंतात त्यांनी पुतळा आणला तो चहात साखर घालून रंगवलेला. खिडकी उघडी होती. गांधीलमाश्यांनी त्यांचा घोडेस्वार उचलला, घोड्यासकट, आणि नदीपलीकडे…"

"पुरे कर, बदका."

आमच्या भागात माया आली की माणसाला बदक म्हणतात, आणि राग आला तरीही. हा आवाज आयव्हीचा होता. ती दाराशी कोट हातात घेऊन उभी होती, सिरिलला न्यायला आलेली.

"मास्तर," ती म्हणाली, "हा माणूस चहाच पीत नाही. त्या मगात बघा, गरम पाणी आहे. पोटाचं दुखणं झालं तेव्हापासून आमच्या घरात चहाचा मग एकच, माझा. त्यात यानं ब्रश बुडवला असता तर आज इथं बसलेला दिसला नसता."

मास्तरांनी सिरिलकडे पाहिलं. "मग तो गाल?"

"रंगवला की यानं. डोरीननं सांगितला तसाच," आयव्ही म्हणाली. "अख्खा हिवाळा खिडकीत बसून. एक हात द्यायचा, वाळेपर्यंत हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसायचं, मग दुसरा. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, थांब, आता कुठे त्याला थंडी वाजायला लागलीय. मी लग्नापासून याला कशाचीही वाट बघताना पाहिलं नव्हतं. माझी तर कधीच नाही." तिनं फळीवरच्या ढोलकऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. "असं काम या गावात दुसऱ्या कुणी केलेलं नाही. आणि हा सगळ्यांना चहाची गोष्ट सांगायला लावतो."

टेबलापलीकडे बसलेल्या डोरीननं चष्मा काढून पुसला. मास्तर उठले, भिंग घेऊन फळीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"शॅकलॉकसाहेब," ते म्हणाले, "ही लपवायची गोष्ट आहे का? किती हात दिलेत हो याला?"

सिरिलच्या कानांच्या पाळ्यांवर आधी फिकट गुलाबी रंग चढला, त्यावर जरा गडद, आणि मग खालून वर एकेक थर तांबडा होत गेला. शेवटी तो मगात बघत पुटपुटला, "चाळीसेक असतील. पण हे इथंच राहू द्या. गावात पसरलं तर…"

उघड्या दारापलीकडच्या काउंटरवर ग्लास पुसायचा आवाज थांबला होता.

"चाळीस," होरेस म्हणाला. "आणि माझ्या दाराला एक."