जमिनीला विचारणारे गांगुर्डे

आमचे शेजारी गांगुर्डे कुठलीही जागा उभ्यानं बघत नसत. आडवे होऊन बघत. इंदिरानगरात मी प्लॉट घेतला तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं. गृहस्थानं चपला काढल्या, इस्त्रीच्या शर्टासकट कुसळांत पाठ टेकली आणि डोळे मिटले. येणारे-जाणारे थांबले. मी शरमेनं दुसरीकडे बघत राहिलो.

"त्या कोपऱ्यात पाणी शिरेल," उठत ते म्हणाले. "घ्यायच्या आधी जमिनीला विचारलंत का?"

मी कशाला विचारतोय! पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात गुडघाभर पाणी. तेव्हापासून मी या माणसाला मनातल्या मनात हात जोडून आहे.

गांगुर्डे आमच्याच कचेरीत कारकून. शनिवारी सुटले की सायकलला तंबू बांधून थेट त्र्यंबकचे डोंगर. पुढे शाळा पोरांना त्यांच्याबरोबर धाडू लागल्या, पालक फी देऊ लागले, आणि एका सोमवारी यांनी पक्क्या नोकरीचा राजीनामा लिहिला. आवक-जावकचं टेबल त्यांचंच, तेव्हा स्वतःच त्यावर शिक्का मारून साहेबांपुढे ठेवला. आम्ही त्यांना वेड्यात काढलं. त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. दोन वर्षांत त्यांच्या कॅम्पला नाव नोंदवायला जागा मिळेनाशी झाली.

कॅम्पमध्ये पहिला अर्धा तास तंबूच नाही. सगळ्यांनी नुसतं जमिनीवर उताणं पडायचं. निफाडचे एक द्राक्ष बागायतदार हौसेनं आले होते. ते कुरकुरले, "सर, खाली दगड हाय लय मोठा."

"तो आधीपासून आहे," गांगुर्डे शांतपणे म्हणाले. "सरकायचं आपण."

बागायतदार निमूट सरकले. सगळा जिल्हा यांच्या शब्दावर आडवा होत होता. फक्त यांची बायको नाही.

वहिनी नांदगावकडच्या. बाहत्तरच्या दुष्काळात लहानपणी आईबापांबरोबर खडी फोडायला होत्या, महिनोन्‌महिने माळावर झोपल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही बिनदाराचं लय झोपलो. लोकं आता पैसं देऊन झोपत्यात, झोपू द्या. मला आतून कडी लावली तरच डोळा लागतो."

गांगुर्डे आग्रह करत नसत. पण दर कॅम्पला सगळ्यात चांगली जागा रिकामी ठेवत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला माळाची भीतीच ठाऊक आहे हो. माळ एकदा दाखवायचाय."

एका दिवाळीच्या सुटीत मी कॅम्पवर मदतीला गेलो होतो. ट्रकमधून तंबू उतरले, आणि शेवटी चौकटीसकट एक लाकडी दार. यांनी ते राखीव जागेवर रोवलं आणि त्याच्यामागे तंबू ताणला. पोरं हसली, मीही हसलो. बाजूचं कापड उचलून कुत्रंसुद्धा आत गेलं असतं.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या, लगेच परतायच्या बोलीवर. दाराकडे बराच वेळ बघत राहिल्या. कडी दोनदा लावून पाहिली. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

गांगुर्डे बाहेर उन्हातच बसले. अर्धा तास गेला, तास गेला. चारच्या सुमारास पोरं खेळून आरडाओरडा करत आली, तसे ते लगबगीनं पुढे धावले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी सगळ्यांना अडवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हळू," ते म्हणाले. "झोपलीय."