सोनवणे अण्णांचे दोन दिवे

मी सांभाळायचो त्या प्लास्टिकचे दाणे सुकवायच्या भट्टीत एकदा मला मोटारीचा दिवा सापडला. दाण्यांच्या तबकात छान पालथा निजवलेला. कोणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. सिल्वासाजवळ मसाटला असलेल्या आमच्या कारखान्यात असले उद्योग करणारा माणूस एकच, स्टोअर सांभाळणारे सोनवणे अण्णा.

अण्णा धुळ्याकडचे. सिल्वासात माझ्या शेजारच्याच घरात राहायचे. त्यांच्या जुन्या मोटारीचे मूळचे दिवे खानवेलच्या रस्त्यावर एका म्हशीने फोडले, तेव्हा त्यांनी वापीच्या बाजारातून ताटाएवढे दिवे आणून बसवले. उजेड लख्ख, पण आमच्याकडच्या पावसात काचेला आतून पाणी सुटायचं. गुजराती मेकॅनिक त्याला भेज म्हणायचा, म्हणून अण्णाही भेज म्हणायचे. सकाळी मी दात घासत बाहेर आलो की अण्णा दिव्याला नाक लावून बसलेले.

"उजवा ठीक आहे. डाव्याला भेज धरली ना भो! डावा पहिल्यापासून नाजूकच."

मग उपचार. रबराची पट्टी लावून झाली, फटींत लांबी भरून झाली, पार्सलातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकून झाल्या. एकदा तांदूळ टाकले, तर ते फुगून काचेला चिकटले आणि रस्त्यावर दाण्यादाण्याची सावली पडली. कॉलनी आठवडाभर हसत होती.

"अण्णा, मोटारीच्या कंपनीचे साधे दिवे घ्या की," मी वैतागून म्हणालो.

"ते तुमच्या वहिनीला दिसत नाहीत."

वहिनींची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. माणसं, भांडी, रस्ता सगळं पुसून गेलं होतं, उरला होता तो फक्त मोठा उजेड. संध्याकाळी त्या ओट्यावर उभ्या राहायच्या आणि गाडी वळणावर आली की म्हणायच्या, "दिसले हो, दोन्ही दिसले!" काच धुरकट असली तर गप्प राहायच्या, आणि त्या दिवशी अण्णांना जेवण जात नसे. हे कळल्यावर मी भट्टीतल्या दिव्याकडे काणाडोळा करू लागलो. त्या पावसाळ्यात वहिनी एकदाही गप्प राहिल्या नाहीत. अण्णा त्याचं सगळं श्रेय भट्टीला द्यायचे.

एके दिवशी दोन्ही दिवे भट्टीत असतानाच कारखान्याची वीज गेली. दिवे ओलेच राहिले. अण्णांनी ते गोणपाटात गुंडाळून माझ्या मांडीवर दिले आणि आम्ही अंधार पडायच्या आत निघालो. मोटारीच्या तोंडाला दोन रिकाम्या खोबणी. हळूहळू वळण घेतलं.

ओट्यावरून आवाज आला, "दिसले हो, दोन्ही दिसले! आज तर किती लख्ख!"

अण्णांचा पाय ब्रेकवर गेला. त्यांनी माझ्या मांडीवरच्या गोणपाटाकडे पाहिलं. वहिनी गाडीच्या आवाजावरून बोलत होत्या, कधीपासून कोण जाणे. अण्णांनी रुमालाने तोंड पुसलं, खाली उतरले आणि मोठ्याने म्हणाले, "मग! भट्टीत सुकवलेत ना आज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिव्याला नाक लावून बसलेच होते. मला पाहून म्हणाले, "डाव्यात अजून भेज आहे, भो."

कारखान्यात गेल्यावर तो दिवा मी माझ्या हाताने भट्टीत ठेवला.