पांढरीवरचा स्वच्छ खड्डा

रेणापूरकडच्या एका गावाबाहेर पांढरं टेकाड होतं. फार जुन्या काळी तिथली वस्ती मोडली, मातीची घरं मातीत मिळाली आणि त्यांची पांढर झाली. ती वाचवायची तर लोकांना पुरातत्त्वाची गोडी लावली पाहिजे, असा ठराव लातूरच्या एका वारसा मंडळाने केला. गोडी लावण्याचा जिम्मा मालविकाबाईंकडे आला. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि हौसेने खापरं ओळखत. टेकाडावरच्या शेळ्यांनाही त्या हलकेच हाकलत. थर विस्कटू नयेत म्हणून.

खऱ्या पांढरीला हात लावायचा नाही, ही बाईंची पहिली अट. म्हणून लुटुपुटूचा खड्डा करायचा, त्यात उदगीरहून आणलेली नवी मडकी पुरायची आणि ती लोकांनी उकरून काढायची, असं ठरलं. खड्डा मात्र टेकाडावरच हवा होता. वातावरणनिर्मितीसाठी.

पहिल्याच कुदळीला अडचण आली.

"मॅडम, इथं तर खरीच खापरं निघायलीत," सरपंच किशनराव म्हणाले.

"मग चालणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "खऱ्यात खोटं मिसळलं की निष्कर्ष चुकतो. खड्डा स्वच्छ हवा."

खड्डा स्वच्छ होईना. खाली जावं तसं खापर निघे. शेवटी तळाला वस्तीखालची काळी माती लागली, तेव्हा कुठे बाईंचं समाधान झालं. मग त्यांनी नदीची वाळू स्वतः चाळून आत भरली.

उकरण्याच्या महोत्सवासाठी लोकांची नावं भराभर आली. एका खड्ड्याचे सात झाले, कुदळीच्या जागी जेसीबी आला. पाहुण्यांच्या गाड्या काळ्या रानात रुतू नयेत म्हणून निघालेली माती किशनरावांनी पार्किंगमध्ये पसरली.

"डांबरी रोडच झाला बघा, मॅडम!"

तेव्हा बाईंना काहीतरी खुपलं. पण त्या वाळू चाळत होत्या.

महोत्सव रंगला. मडकी निघाली, टाळ्या पडल्या, मडक्यांसोबत फोटो झाले. किशनरावांची आई केवळाबाई मात्र इकडंतिकडं बघत होती.

"बाई, ती वाचवायची म्हणत व्हता, ती पांढर कुठं हाय?"

"ही काय, मावशी." बाईंनी बोट दाखवलं. ते हवेतच राहिलं. सात खड्ड्यांमध्ये फक्त बांध उरले होते.

"माय, गप बस की. पाव्हणे हायत," किशनराव दबक्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात शिल्पा नावाची शिक्षिका धावत आली. "मॅडम, पार्किंगमध्ये घावलं! बघा, घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा हाय."

बाईंनी खापर हातात घेतलं. त्या ठशात त्यांचा अंगठा अगदी नीट बसला. मागे प्रमुख पाहुणे बक्षिसं द्यायला खोळंबले होते.

"हे आपल्यातलं नाही," बाई म्हणाल्या. ते शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं.

"मग काय करू?"

"होतं तिथंच ठेवा. वस्तू मूळ जागेवरून हलवायची नसते."

अहवालात बाईंनी लिहिलं की प्रात्यक्षिकात कुठलीही भेसळ आढळली नाही. तो वाचून आणखी तीन गावांनी आपापली पांढर देऊ केली आहे.

तुम्हीही आला होतात की. मडक्यासोबतचा तुमचा फोटो छान आलाय. गाडीही पहिल्याच रांगेत लागली होती. घरी गेल्यावर चाकांची पांढरी माती तुम्ही पाण्याचा फवारा मारून धुऊन काढलीत, ते बरं केलंत. स्वच्छतेच्या बाबतीत तुम्ही अगदी मालविकाबाईंवर गेला आहात.