घंगाळाचे डाग

पन्नास वर्षं रोज दारात रांगोळी काढणाऱ्या बाईला कागदावर रेघ मारायला शिकायला किती दिवस लागतील, हा प्रश्न सुनेत्राबाईंनी घरात स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं. महिना. तोही रस्त्यात अकोट्याच्या पुलावर रिक्षा अडकते म्हणून, नाहीतर पंधरा दिवस पुरले असते.

“आई, तिथं सगळी कॉलेजची पोरं असतील,” सून मोहना म्हणाली.

“असू देत. मी काय त्यांच्याबरोबर फुगडी घालायला चाललेय?”

सुनेत्राबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. चौथीत बसायच्या आधी धाकटा भाऊ झाला आणि त्यांच्या हातातली पाटी जाऊन पाळण्याची दोरी आली. त्यानंतर त्यांनी कुणाकडून काही शिकून घेतलं नाही. शिकवलं मात्र सगळ्यांना. कॉलेजच्या अर्जात ‘शिक्षण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘पुरेसं’.

नवशिक्यांच्या चित्रकलेच्या वर्गाला वयाची अट नव्हती. तशी असती तरी सुनेत्राबाईंनी ती मानली नसती, कारण काम तसंच होतं. बैठकीच्या भिंतीवर त्यांच्या यजमानांचा, धनाजीरावांचा फोटो होता आणि तो धनाजीरावांचा नव्हता.

धनाजीराव रेल्वेत होते. कुणी कॅमेरा समोर धरला की पाठ फिरवायचे. त्यामुळे ते गेल्यावर घरात सापडला तो पेन्शनच्या कागदावरचा एक फोटो. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला, आणि मोठा करता करता केस काळे केले, गळ्यात टाय बांधला, नाकाच्या डाव्या बाजूची चामखीळ पुसून टाकली. वर मूळ फोटो हरवून बसला.

“माजी, फेस एकदम क्लीन करी दीधो,” तो आपल्या गुजरातीत म्हणाला होता.

“मी तुला तोंड धुवायला सांगितलं होतं का त्यांचं?” सुनेत्राबाईंनी विचारलं होतं. पण तोवर फ्रेम झाली होती. दहा महिने त्या रोज एका परक्या माणसाला हार घालत होत्या. वर्षश्राद्धाला दोन महिने उरले होते. तोवर भिंतीवर खरा माणूस यायला हवा होता, आणि तो आपणच काढायचा, हे त्यांनी कुणालाही न सांगता ठरवलं होतं.

पहिल्या शनिवारी आशय सरांनी वर्गाच्या मधोमध एक टेबल मांडलं. त्यावर चुरगळलेली राखी चादर, पाणीगेटच्या भंगारवाल्याकडून आणलेलं तांब्याचं घंगाळ आणि कोंब फुटलेला एक कांदा.

“चार शनिवार आपण हेच काढायचं. फक्त बघायचं. कुणी हात लावायचा नाही.”

“तोंड कधी काढायला शिकवणार?” सुनेत्राबाईंनी विचारलं.

“आजी, आधी घंगाळ.”

घंगाळ कसलं ते. हिरवे, काळे, पांढरे डाग, काठाला पोचा, पोटावर कुणाच्या तरी चुलीची काजळी. सुनेत्राबाईंच्या घरात असं भांडं निघालं असतं तर त्या रात्री कुणी जेवलं नसतं. पोरं मात्र त्याच्यापुढं तासन्‌तास डोळे बारीक करून बसत. शेजारची अस्मिता तर एकेका डागाला अर्धा अर्धा तास द्यायची. तिला याच चित्रावर पुढच्या मोठ्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायचा होता. सुनेत्राबाईंनी तीन शनिवार काढले, पण त्यांच्या कागदावरचं घंगाळ काही जमेना. हात कागदावर असे आणि जीव त्या भांड्यात अडकलेला असे.

चौथ्या शनिवारी पुलावर गर्दी नव्हती. त्या पाऊण तास आधीच पोचल्या. शिपाई लक्ष्मणनं कुलूप काढून दिलं. पहिल्या दिवसापासून तो त्यांना प्राध्यापक समजत होता आणि त्यांनी त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नव्हती. पिशवीत चिंच होती, मीठ होतं. ही तयारी पाहता हे अचानक सुचलं असं म्हणायला जागा नाही.

पाऊण तासात घंगाळ असं झालं की त्यात पंखा फिरताना दिसावा. मग त्याच्याखाली ती चुरगळलेली चादर बघवेना. त्यांनी ती झटकली, लक्ष्मणकडून दुसरं टोक धरवून ताणली आणि एक सुरकुती न ठेवता अंथरली. कांद्याचा कोंब खुडला, वरची दोन सालं काढली. मग आपल्या जागेवर जाऊन हात मांडीवर ठेवून बसल्या. कुणी कौतुक केलं तर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं: “त्यात काय एवढं.”

पहिली अस्मिता आली. तिनं टेबलाकडं पाहिलं, मग आपल्या चित्राकडं, मग परत टेबलाकडं.

“बा, आ शुं कर्युं तमे?” ती गुजरातीतून मराठीवर आली. “हे काय केलंत? डाग कुठे गेले?”

“गेले एकदाचे.”

“माझा अर्धा भाग राहिलाय. सोमवारी फॉर्म द्यायचाय.”

एकेक पोर आत येत गेलं आणि दारातच थबकत गेलं. लखलखीत घंगाळात वर्गातल्या बाराही जणांची तोंडं उलटी लटकत होती. लक्ष्मण कौतुकानं म्हणाला, “मॅडमनी स्वतः घासलं,” आणि सुनेत्राबाईंना पहिल्यांदाच वाटलं की या माणसानं गप्प बसावं.

आशय सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं होतं. ओरडणाऱ्याला कसं उत्तर द्यायचं ते सुनेत्राबाईंना ठाऊक होतं.

“आजी, मी तीन आठवडे यांना डागच शिकवत होतो.”

“डाग काय शिकवायचे? घाण होती ती.”

“नवं घंगाळ कुठल्याही दुकानात मिळतं, सगळी एकसारखी. हे त्यांच्यात वेगळं ओळखू यायचं, ते त्या डागांनी. आता हे कुणाचंही आहे.”

सुनेत्राबाईंना बैठकीतली भिंत दिसली. टाय दिसला. फेस एकदम क्लीन. त्या स्टुडिओवाल्याला इतके महिने ज्या शिव्या त्या मनातल्या मनात घालत होत्या, त्या सगळ्या ओळीनं परत आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

माफी मागायची सवय नव्हती. त्या उठल्या, घंगाळाजवळ गेल्या आणि काठावर हात ठेवला.

“अस्मिता, पेन्सिल घे.”

“शुं काढू? काहीच नाहीये.”

“मी सांगते ते काढ. हा पोचा, तो राहिलाय. त्याच्याखाली चार बोटांवर हिरवा डाग, बोराएवढा. त्याची खालची कड फाटलेली. चिंचेलाही दाद देईना तो, तीनदा घासला. इथून पांढरी रेघ, पाणी ओघळल्यासारखी, अर्ध्यावर थांबलेली. आणि हे पोट, इथं काजळी. कडेला दाट, मध्ये विरळ.”

त्या बोलत गेल्या आणि हात घंगाळावरून फिरत गेला. अस्मिता काढत गेली. मग बाकीचेही आपापल्या पेन्सिली घेऊन सरकले. शेवटी सर म्हणाले, “आजी, एवढं बघितलंत कधी?”

“बघितलं कुठं. घासलं.”

“आणि कांद्याचा कोंब?” मागून कुणीतरी विचारलं.

“तो पिशवीत आहे,” सुनेत्राबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “भाजीत घालणार होते.”

त्या संध्याकाळी मोहना स्वयंपाकात असताना सुनेत्राबाई बैठकीत कागद घेऊन बसल्या. भिंतीकडं त्यांनी पाठ केली. धनाजीराव शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड त्याच पुसत. कपाळ, भुवया, मग नाकाच्या डाव्या बाजूला जरा हलकं, तिथं दुखायचं. डोळे मिटून त्यांनी हात तसाच फिरवला आणि हात जाईल तिथं पेन्सिल जाऊ दिली. तासाभरानं त्यांनी डोळे उघडले.

मोहना हात पुसत बाहेर आली आणि वाकून पाहू लागली.

“घंगाळ छान जमलंय हो, आई.”

सुनेत्राबाईंनी कागद जरा उजेडाकडं सरकवला. महिन्याचा वायदा त्यांचाच होता. मोहना आणखी वाकली. तिची नजर कागदाच्या मधोमध, एका बारीक काळ्या ठिपक्यावर थांबली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि त्या ठिपक्याकडं बोट नेलं.

“बाबा…”

“हात लावू नकोस,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “पुसलं जाईल.”