अकरा म्हणजे अकरा

सकाळी दहा चाळीसला निवृत्त मोजणीदारांनी संगणक सुरू केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'इंटरनेट उपलब्ध नाही.' त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

"अहो, झालं का सुरू?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"होतंय," ते म्हणाले. पण आवाजात काही दम नव्हता.

अकरा वाजता त्यांना पडद्यावर दादाचं तोंड पाहायचं होतं. सख्ख्या थोरल्या भावाचं ते तोंड त्यांनी नऊ वर्षं पाहिलं नव्हतं. भांडण झालं होतं ते आईच्या कपाटावरून. म्हणजे कपाट कोणाला मिळावं यावरून नव्हे, तर ते जिन्यावरून वर चढवण्यावरून. दादा वरच्या पायरीवरून "डावीकडे" म्हणाला, यांनी ते आपल्या डावीकडे वळवलं, आणि कपाट वळणावर असं काही अडकलं की शेवटी सुताराला बोलावून कापून काढावं लागलं. "उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला आणि तुला एक कपाट मोजता येईना?" असं दादा चार पाहुण्यांदेखत बोलला. "कपाट मी बरोबरच मोजलं होतं, माणूस मोजायला चुकलो," असं हे बोलले. झालं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं, नंबर खोडले, पुढे ते नंबर बदललेही.

शाळेत गणित शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीने दोन्हीकडे सहा महिने डोकेफोड करून हा योग जुळवून आणला होता. दादाचा नंबर मात्र ती देईना. "दोन वाक्यांत फोन आपटाल तुम्ही. तोंडं समोरासमोर असली की माणूस जरा जपून बोलतो." दादाने होकार दिला, पण अट घालूनच. "अकरा म्हणजे अकरा. मिनिटभर जरी इकडचं तिकडे झालं तरी मी समजेन की त्याला यायचं नाही."

म्हणून मोजणीदारांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायजमा घरातलाच ठेवला होता, कारण दादाला ते कमरेपर्यंतच दिसणार होते. बायकोचा स्मार्टफोन काच फुटल्यामुळे चार दिवस दुरुस्तीच्या दुकानात पडला होता आणि त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. तेव्हा सगळी भिस्त या संगणकावर.

"बंद करून परत चालू करा," बायको हात पुसत बाहेर आली.

"हा काय मिक्सर आहे?"

"मिक्सर तरी चालू होतो."

त्यांनी बंद करून चालू केला. संगणकाला तेवढंच निमित्त पुरलं. पडदा निळा झाला आणि त्यावर सूचना आली की सुधारणा चालू आहेत, कृपया संगणक बंद करू नये. बारा टक्के.

"काय सुधारणा करतोय तो?" बायकोने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी सांगितलं नव्हतं सुधारायला!"

सुधारणा दहा अठ्ठावन्नला संपल्या. सुधारलेल्या संगणकाने नव्या, जास्त सुबक अक्षरांत सांगितलं, 'इंटरनेट उपलब्ध नाही.'

मोजणीदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धाकटीला फोन लावला. 'आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत.' पुन्हा लावला. व्यस्त. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले तेव्हा ते टेबलाखाली होते आणि प्रत्येक वायर तिच्या जागी दाबून बघत होते. बायकोने वरून सांगितलं, "वाजले." टेबलाखालून फक्त एक सुस्कारा आला.

"निदान त्या कंपनीला तरी फोन करा!"

हेल्पलाइनवर आधी बराच वेळ संगीत ऐकावं लागलं. मग एक मुलगी अतिशय आनंदाने बोलू लागली. "नमस्कार सर! राउटरवरचा तिसरा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"तांबूस."

"तांबूस म्हणजे लाल का, सर?"

"लाल म्हणजे लाल. हा विटेसारखा आहे."

"माझ्याकडे हिरवा आणि लाल एवढंच आहे, सर."

"मग लाल लिहा," ते हताशपणे म्हणाले. सगळा जन्म हद्दीवरून हुज्जत घालण्यात गेला होता, पण आता वेळ नव्हता. "बाई, माझा भाऊ नऊ वर्षांनी बोलणार होता हो. पाच मिनिटांपूर्वी."

"समजू शकते, सर. मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दहा आकडे मोजा."

बायकोने टाचणी आणून दिली. त्यांनी मोजून दहा आकडे ती दाबून धरली. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले, मग एकच दिवा मिणमिणू लागला आणि फोन कटला. त्यांनी धाकटीला पुन्हा लावून पाहिला. व्यस्त.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर पेपर मागायला दारात उभे राहिले. सुट्टीचा दिवस असल्यामुळे ते भलतेच खुशीत होते.

"डॉक्टर, देवासारखे आलात!" मोजणीदारांनी त्यांचा दंडच धरला. "तुमचं नेट अर्धा तास वापरू द्या. अगदी निकड आहे."

"माझं?" डॉक्टर हसले. "अहो, अख्ख्या गल्लीचं बंद आहे. कोपऱ्यावर पाण्याच्या पाइपसाठी खणताना वायर तुटली, साडेदहालाच. माणसं जोडतायत, होईल पाऊण एक तासात. तुम्ही काही खटाटोप करू नका, आपोआप येईल."

मोजणीदारांनी हातातल्या टाचणीकडे पाहिलं. बायकोने मोजणीदारांकडे पाहिलं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "यांनी खटाटोप केलाय."

डॉक्टरांनी राउटर हातात घेतला, दाढेतली कीड पाहावी तसा उजेडाकडे धरला आणि मान हलवली. मग पेपर घेऊन ते निघून गेले.

अकरा पन्नासला वरच्या घरातून टीव्हीवरचं गाणं ऐकू आलं. समोरच्या खिडकीतून कोणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडलं. साऱ्या गल्लीचं नेट आलं. मोजणीदारांच्या घरी तो एक दिवा तेवढा मिणमिणत राहिला. त्यांनी पुन्हा हेल्पलाइन गाठली. आता तिथे एक पुरुष होता आणि त्याला कसलाच आनंद नव्हता.

"रीसेट कोणी करायला सांगितलं?" त्याने दरडावून विचारलं.

"तुम्हीच!"

"मी नाही."

"तुमच्या बाईंनी!"

"आता त्यातली सगळी माहिती पुसली गेली. आमचा माणूस घरी येऊन भरेल. अठ्ठेचाळीस तास लागतील. लवकर पाहिजे असेल तर आमच्या वेबसाइटवर जाऊन विनंती नोंदवा."

मोजणीदारांनी फोन अलगद ठेवला. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. ते पुन्हा टेबलाखाली जाऊन बसले, आता काही करायला नव्हे, नुसतेच.

"बाहेर या," बायको म्हणाली.

"कशाला? तो म्हणणार, मुद्दामच आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आता संपलं सगळं. दोघंही सत्तरीला टेकलो. आणखी नऊ वर्षं कुठून आणायची?"

पदर खोचून बायकोही टेबलाखाली शिरली आणि राउटर मांडीवर घेऊन उगाच त्याची धूळ पुसत बसली.

सव्वाबाराला धाकटीचा फोन एकदाचा लागला.

"अगं, ऐक, माझं नेट—"

"बंद होतं!" धाकटी कडाडली. "माहितेय मला! अकराच्या आधीपासून तो दादा हेच ऐकवतोय. नेट बंद, दिवा लाल, काय करू, माझा इलाज नाही! आणि आता तू! मी इथे मुलांनी वर्ग बुडवल्यासारखी एकटी पडद्यासमोर बसलेय, स्वतःचंच तोंड बघत. नऊ वर्षांत तुम्हा दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही थापेवर!"

"अगं, थाप नाही. टाचणी—"

"मला काही सांगू नकोस. हा घे त्याचा नंबर. काय थापा मारायच्या त्या एकमेकांनाच मारा. मी हात टेकले!"

तिने आकडे धडाधड सांगितले आणि फोन आपटला. मोजणीदार घाईघाईने लिहून घेतलेल्या त्या आकड्यांकडे बघत राहिले. दादाचंही बंद होतं? मग निदान दोष तरी सारखाच झाला. त्यांनी बटणं दाबली. तिकडे पहिलीच घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"वाट बघत बसला असशील तू," दादाचा आवाज म्हातारा झाला होता. "अकराला."

"नाही दादा, खरं सांगू का, माझं नेट सकाळी—"

"थांब. आधी मला बोलू दे, नाहीतर पुन्हा जमायचं नाही. धाकटीला मी सांगितलं, नेट बंद होतं म्हणून. बंद नव्हतं. उत्तम चालू होतं. साडेदहापासून कोट घालून बसलो होतो समोर. नुसतं एक बटण दाबायचं होतं." दादा घुटमळला. "हात होईना रे. म्हटलं, हा काय बोलेल, मी काय बोलेन. अकरा वाजत आले. मग भीतीच वाटली आणि धाकटीला ते लालबिल दिव्याचं खोटंच सांगत सुटलो. तू तिथे शहाण्यासारखा वेळेवर बसला असशील आणि मी हा असा. हस आता हसायचं तर."

मोजणीदार हसले नाहीत. त्यांच्यापाशी बिनतोड पुरावा होता. खणलेला रस्ता होता, साक्षीला दाताचे डॉक्टर होते, हेल्पलाइनवरची दोन माणसं होती. वादात दादावर पुरती मात करायची अशी संधी जन्मात आली नव्हती. त्यांनी समोर पाहिलं. टेबलाखाली केसांत कोळिष्टक अडकलेली बायको, राउटर मांडीवर घेऊन, कान टवकारून बसली होती.

"दादा," ते म्हणाले, "माझंही चालूच होतं."

बायकोच्या मांडीवरचा राउटर खाली पडला.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासारखंच. मलाही बटण दाबवेना."

पलीकडून आधी एक खोकल्यासारखा आवाज आला, आणि मग दादा मोठ्याने हसू लागला. "गाढवा! मग टाचणीबिचणी काय सांगत होतास तिला? आत्ता तिने मेसेज टाकलाय मला!"

"सुचलं ते सांगितलं."

"मला नाही रे असलं सुचत," दादा कौतुकाने म्हणाला. "डोकं आहे तुला, ते मी कधी नाकारलं नाही."