होणाऱ्या सुनेसाठी राखलेला मळा

आपल्या अंगणातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, हे नेलिदा इतक्यांदा सांगायची की कोलोनिया गावाच्या रस्त्यावरच्या बसवाल्यांनाही ते पाठ झालं होतं. शेतात पिकेल तेच तिच्या खानावळीत ताटात यायचं. आणि गिऱ्हाईक टेबलाशी बसल्याशिवाय ती मळ्यातलं पानसुद्धा खुडू द्यायची नाही. सकाळी खुडलेली भाजी दुपारी शिळी, असा बाईचा खाक्या!

त्या रविवारी मामला नाजूक होता. मुलगा गास्तोन होणाऱ्या बायकोला, माइतेला, घेऊन राजधानीहून येत होता. तिला शेत आवडलं तर दोघं इथेच राहणार, नाहीतर गास्तोन कायमचा शहरात. आणि ही माइते निघाली व्हीगन! मांस-मासे नकोत, हे नेलिदाने कसंबसं पचवलं. दूध, लोणी, मधही नको म्हटल्यावर मात्र तिने फोनवरच विचारलं, "अरे, बरी आहे ना मुलगी?"

तरी तिने कंबर कसली. कोबी, पालक, वाटाणा, सगळं माइतेसाठी राखून ठेवलं. आलेल्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी नुसतं मांस आणि पाव.

माइते आली ती शेत बघायला सरळ घरामागे गेली. तिथे कुंपणाआड एक वासरू हंबरत होतं. चीजसाठी दूध उरावं म्हणून नेलिदा वासरं गाईंपासून वेगळी ठेवायची. माइतेला ते हंबरणं ऐकवेना. तिने वासराचं फाटक उघडलं, पलीकडचं गाईंचंही उघडलं. दोन्हींच्या मधे मळा होता, याचा काही तिने विचार केला नाही. वासरू धावत आईला बिलगलं आणि दूध पिऊ लागलं. तिची पाठ वळताच बाकीच्या गाई मळ्यात शिरल्या.

माइते टेबलाशी बसली, तेव्हा नेलिदा टोपली घेऊन ऐटीत भाजी खुडायला निघाली. मळ्यात पाहते तो होत्याचं नव्हतं झालेलं! शेवटचा कोबी एका गाईच्या तोंडात होता आणि ती नेलिदाकडे बघत शांतपणे चावत होती. इकडे अंगणात विस्तवावर मांस खरपूस भाजत होतं.

"फाटक कुणी उघडलं?"

"मी," गास्तोन घाईघाईने म्हणाला.

"खोटं बोलतोय तो. मीच उघडलं, नेलिदाबाई," माइते रडवेली झाली होती. "ते आईसाठी ओरडत होतं हो."

नेलिदाच्या जिभेवर चांगल्या शेलक्या शिव्या आल्या होत्या. पण मुलाच्या वाटेकडे डोळे लावून वर्ष काढलेली बाई ती, त्या तिने गिळल्या. मग कुदळ उचलली. गाईंना जमिनीखालचे बटाटे थोडेच उकरता येणार होते! ते तिने राखेत भाजले, सवयीने वर लोण्याचा गोळा ठेवला, माइतेचा चेहरा बघून जीभ चावली आणि दुसरे भाजले.

माइतेने नाकाला राख लागेपर्यंत ते खाल्ले. मग म्हणाली, "आम्ही इथेच राहू. फक्त वासरं आईपासून तोडायची नाहीत."

नेलिदाच्या डोळ्यांपुढून फळीवरचं सगळं चीज तरळून गेलं. मग तिने गास्तोनकडे पाहिलं.

"कबूल," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी कॉफीला दूध मागितलं. सकाळचं दूध चीजला गेलेलं आणि उरलेलं वासराच्या पोटात.

"आमच्याकडे," नेलिदाने ठसक्यात सांगितलं, "कॉफी काळीच मिळते."