द्वारकाअक्कांचा पॅसिव्ह व्हॉइस

आमच्या घाटनांदूरात कुणाच्या हातून कपबशी फुटली, तर ती आपली फुटलेली असते. काम झालं नाही, तर ते 'राहून गेलेलं' असतं. फोन करायचा राहतो, औषध फवारायचं राहतं, बैठक होता होता राहते. यात कुणाचाच दोष नसतो आणि सगळे सुखात असतात. द्वारकाअक्कांना मात्र हे चालत नाही. त्यांना प्रत्येक गोष्टीचा कर्ता लागतो, आणि तो आधी लागतो.

"अक्का, डीपी जळाला," लाईनमन सांगतो.

"कुणी जाळला?"

लाईनमन खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे बघतो, अक्का लाईनमनकडे बघतात. शेवटी तो कबूल करतो, की डीपीतून ठिणग्या उडतात असा परवाच निरोप मिळाला होता, पण तो मेव्हण्याच्या साखरपुड्याला धारूरला गेला होता. एवढं वदवून घेतलं की अक्कांचा राग संपतो. मग त्या त्याला चहा पाजतात, वर साखरपुडा कसा झाला तेही विचारतात.

हाच कायदा त्या स्वतःलाही लावतात. ग्लास निसटला तर 'पडला' नाही म्हणत, "मी पाडला." एका वर्षी सोयाबीन उगवलंच नाही. सगळं गाव आभाळाला बोल लावत होतं. अक्का पारावर उभ्या राहून म्हणाल्या, "मी पेरायची घाई केली." त्यानंतर बाकीच्यांना आभाळाला बोल लावणं जरा जडच गेलं.

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि अक्कांच्या शेजारी भाड्याने राहतो. अक्का पन्नाशीच्या पुढच्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हापासून त्या माहेरीच. धाकटा भाऊ नोकरीला पुण्यात. शेत अक्का बघतात, ट्रॅक्टर अक्का चालवतात आणि बापूंचं, म्हणजे वडिलांचं, सगळं अक्काच करतात. बापू आता नव्वदीला टेकलेत. एके काळी त्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे. आता त्यांचं पांघरूणसुद्धा अक्कांशिवाय हलत नाही.

एका संध्याकाळी अक्का माझ्या दारात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी दहावीला बसणार हाय. इंग्लिश तुमी शिकवायचं."

हा प्रश्न नव्हता. मी हो म्हटलं.

निकालाची काळजी वाचणाऱ्याला नको म्हणून आत्ताच सांगून टाकतो: अक्का पास झाल्या, आणि इंग्रजीत गणितापेक्षा जास्त मार्क घेऊन झाल्या. पण सांगायची गोष्ट ती नाही.

सुरुवातीला गाडी सुसाट होती. इंग्रजीत 'आय' हा शब्द वाक्यात कुठेही आला तरी मोठ्याच अक्षरात लिहितात, हे कळल्यावर त्या इंग्रजीवर खूष झाल्या. "लई हुशार लोक," म्हणाल्या. "मी म्हंजे मी. मधी आला म्हणून बारीक न्हाई करायचा." काळ शिकवले ते त्यांनी शेत नांगरावं तसे एका बाजूने नांगरून काढले. मग आला पॅसिव्ह व्हॉइस.

मी त्यांच्या सोयीचं उदाहरण घेतलं. द फार्मर प्लाऊज द फील्ड. शेतकरी शेत नांगरतो. आता याचा पॅसिव्ह: द फील्ड इज प्लाऊड बाय द फार्मर.

अक्कांनी वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

"शेतकरी मागं कावून गेला?"

मी म्हटलं, इथे शेताला महत्त्व द्यायचं आहे म्हणून.

"शेत काय सोताहून नांगरून घेतं का? मी दिवसभर ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी करायची, आन् मान शेताचा."

मी नियम सांगितले, तक्ता काढला, बाण दाखवले. अक्कांचं म्हणणं एकच, की करणाऱ्याला मागे ढकलणारी भाषा चांगल्या घरातली नसावी. शेवटी त्यांनी तो धडाच टाकला. मी म्हटलं, मार्क जातील. तर म्हणाल्या, जाणार नाहीत, मी सोडते.

हप्ताभर असं चाललं. मग एक दिवस पाण्याच्या टाकीची पत्रिका आली. बापूंना दिसत नाही, म्हणून अक्का त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मी तिथेच बसलो होतो. 'नवीन पाण्याच्या टाकीचे उद्घाटन माननीय अमुक साहेब यांच्या शुभहस्ते करण्यात येणार आहे.'

"अक्का," मी म्हटलं, "हाच तो पॅसिव्ह व्हॉइस. टाकी पुढे, साहेब मागे. आणि 'यांच्या हस्ते' म्हणजे बाय."

अक्का पत्रिकेकडे बघत राहिल्या.

"म्हंजे पॅसिव्ह म्हंजे पत्रिकेची भाषा?"

"अगदी."

"मग असं नीट सांगायचं ना, सर. मी हप्ताभर फुकट भांडले."

पोहायला शिकलेला माणूस दिसेल त्या विहिरीत उडी मारतो, तसं त्यानंतर झालं. सकाळी मी दूध घ्यायला गेलो की अक्का सांगायच्या, आज म्हशीचं दूध आमच्या हस्ते काढण्यात आलं हाय. भाजीवालीला त्या विचारायच्या, ही वांगी कुणाच्या हस्ते तोडण्यात आली. बापूंची दाढी झाली की समारंभ पार पडल्यासारखं जाहीर करायच्या. आणि कुणी 'बाय' गाळलं की जुन्या अक्का लगेच जाग्या व्हायच्या.

ग्रामसभेत ग्रामसेवक उभे राहून वाचत होते, की वेशीपासूनच्या रस्त्याचं काम लवकरच करण्यात येईल. मागून अक्कांचा आवाज आला.

"बाय लावा."

ग्रामसेवकांना काही कळेना.

"वाक्य आर्धं हाय. करण्यात येईल, पर कुणाच्या हस्ते?"

सभा हसली, पण हसून झाल्यावर सगळेच उत्तराची वाट बघू लागले. ग्रामसेवकांना ठेकेदाराचं नाव सांगावं लागलं. ठेकेदार सभेतच बसला होता, त्याला उठावं लागलं. रस्ता झाला का म्हणाल, तर निम्मा झाला. पण याआधी निम्माही होत नसे. तेव्हापासून गावातल्या पोरांना नवा शब्द मिळाला. कुणी गोलमाल बोलायला लागला की दुसरा म्हणतो, "बाय लाव बे."

परीक्षा जवळ आली तेव्हा बापू न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. त्यांना एकटं सोडता येईना, म्हणून आमचा वर्ग अक्कांच्या ओसरीवर भरू लागला. बाजेवर बापू, खाली सतरंजीवर आम्ही.

त्या दिवशी शेवटचा भाग राहिला होता. मी सांगितलं, की कधी कधी 'बाय' लावतच नाहीत. करणारा कोण ते माहीत नसेल, किंवा सांगायची गरज नसेल, तर वाक्य तिथेच संपवायचं. द थीफ वॉज कॉट. चोर पकडला गेला. कुणी पकडला ते गाळलं तरी चालतं.

मी भांडणाच्या तयारीनेच बसलो होतो. अक्का मात्र बापूंसाठी आणलेलं गरम दूध एका पेल्यातून दुसऱ्यात ओतून निववत होत्या. मी म्हटलं, असं एक वाक्य तुमच्या मनाने करा.

त्यांनी पेले खाली ठेवले. उठून बापूंच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, परत येऊन बसल्या. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या,

"आय वॉज टेकन आऊट ऑफ स्कूल."

मला शाळेतून काढलं गेलं. व्याकरण अचूक होतं. पण मला आणि सगळ्या गावाला अक्कांनी आजवर सांगितलं होतं ते वेगळंच. दहावीचं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: मी शाळा सोडली, मला कंटाळा आला. त्यावर मी कधी शंका घेतली नव्हती. जी बाई न उगवलेल्या सोयाबीनचा दोषसुद्धा स्वतःकडे घेते, तिच्या 'मी'वर कोण शंका घेणार?

तरी सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "बाय?"

अक्कांनी मान हलवली आणि आवाज खाली आणला.

"करणारा घरचाच असला तर बाय न्हाई लावलं तरी चालतं, असं धरा, सर."

असा नियम कुठल्याच व्याकरणात नाही. मी बरोबर आहे म्हटलं.

बापू झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी डोळे उघडले.

"मास्तर," ते म्हणाले, "स्कूल म्हंजे शाळाच ना?"

"हो, बापू."

ते बराच वेळ वरच्या पत्र्याकडे बघत राहिले. समोरच्या रस्त्याने एक ट्रॉली गेली.

"परीक्षा तोंडावर आली व्हती," बापू म्हणाले. "स्थळ चांगलं आलं व्हतं. पोरगी हुशार व्हती, मास्तर. मी काढली तिला."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अक्कांनी त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना जरा उठवलं. पेला ओठांना लावून म्हणाल्या, "घ्या बापू. निवलंय आता." बापू हळूहळू सगळं दूध प्यायले. अक्कांनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, त्यांना परत नीट निजवलं आणि सतरंजीवर येऊन बसल्या. डोळे ओले होते, आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"पुढचं वाक्य द्या, सर."